दिनविशेष : १६ मे १८२९ : महाबळेश्वरचा तह आणि कैद्यांचे हात

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि इंग्रज यांच्यात आजच्या तारखेला तह झाला. महाबळेश्वरचा डोंगर इंग्रजांना मिळाला, बदल्यात महाराजांना वाई भागातले खंडाळा गाव. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने माल्कम पेठ वसली. पुढे दहाच वर्षांत, १८३९ मध्ये, याच महाराजांना कटाच्या आरोपावरून पदच्युत करून काशीला धाडले गेले. उघड आणि निष्पक्ष चौकशी व्हावी ही त्यांची मागणी अखेरपर्यंत मान्य झाली नाही.

पेठ उभी राहिली त्यात कैद्यांचे कष्ट मोठे. १८३४ च्या सुमारास येथे तुरुंग झाला. त्यात मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. त्यांनी रस्ते खोदले, बटाटा आणि भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, तरी त्यांच्यातले काही जण येथेच राहिले. ज्यांच्या घामावर हे थंड हवेचे ठिकाण फुलले, त्यांची नावे गावातल्या एखाद्या रस्त्याला तरी द्यायला हवी होती.

शिक्षा म्हणून माणसाचे स्वातंत्र्य काढून घेता येते. पण त्याचे श्रमही फुकट घ्यायचे का? सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर १९९८ रोजी गुजरातच्या प्रकरणात याचे उत्तर दिले : सक्तमजुरीच्या कैद्यालाही कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, आणि त्यातला काही भाग गुन्ह्याची झळ सोसलेल्यांसाठी राखून ठेवावा.