काठी, बॅटरी आणि मोबाईल स्टार्टर



काल रात्री साडेअकराला आमच्या फीडरवर थ्री फेज आली. अंथरुणातूनच मोबाईलवर मोटर चालू केली, अँपिअर बघितले आणि झोपलो. सकाळी आण्णा म्हणाले, "ह्याच टायमाला मी काठी-बॅटरी घेऊन विहिरीवर निघायचो." म्हटलं, हा सगळा प्रवास एकदा लिहूनच ठेवू.

आण्णांचा काळ हाताने बटण दाबायचा. विजेचा तुटवडा, त्यात दिवसा शहरांची आणि कारखान्यांची मागणी मोठी, म्हणून शेतीचा भार रात्रीवर ढकलला गेला. कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. लाईट आली का हे बघायलाही विहिरीवरच जावं लागायचं. रात्र ही मण्यार-घोणशीची फिरायची वेळ, जुन्नरसारख्या भागात वर बिबट्याचं भय. गेलेला माणूस परत येईपर्यंत घरातलं कुणी नीट झोपत नसे.

मग आला ऑटो. लाईट आली की मोटर आपोआप चालू. शेतकरी खूश! पण ऑटोला फक्त लाईट कळते, बाकी काही कळत नाही. विहिरीत पाणी नसलं तरी तो मोटर चालवणार, वाफा भरून फुटला तरी बंद करणार नाही. दुसरी अडचण डीपीची. मोटर चालू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. लाईट आल्या आल्या डीपीवरच्या वीस मोटरी एकदम उठल्या तर काय होणार? फ्यूज उडतो, व्होल्टेज पडतं, डीपीही जळते. आमच्या शिवारात ऐन भरात आलेल्या गव्हाच्या वेळी असं झालं आणि प्रत्येकाला वाटलं, चूक दुसऱ्याच्याच ऑटोची. एकेकाची सोय सगळ्यांच्या मुळावर आली, ती अशी.

तिसरा टप्पा मोबाईलचा. भारतात मोबाईल सुरू झाला 1995 साली, पण तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि फोन हळूहळू बांधावर पोचला. त्याच साली नोकिया 1100 आला. साधा, धूळ सोसणारा, वर टॉर्च असलेला. जगभरात 25 कोटींच्या वर खपला. म्हणजे मोबाईलने आधी आपल्याला विहिरीची वाट दाखवली, ती वाट वाचवली पुढे.

ती वाचवणाऱ्यांत पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांचं नाव घ्यावंच लागेल. पंप चालू-बंद करण्यासाठी आजोबांची होणारी पायपीट त्यांनी बघितली होती. आधी वायरलेस रिमोट, मग मोबाईलवर चालणारा 'नॅनो गणेश'. स्टार्टरला जोडलेल्या यंत्राला फोन लावायचा, आवाजाच्या खुणेवरून लाईट आहे का ते ओळखायचं आणि बटण दाबून मोटर चालू-बंद करायची. 2009 मध्ये नोकियाच्या संशोधक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. महत्त्वाचं म्हणजे ते साध्या फोनवर चालायचं. नेट नको, वाचता यायला हवं असंही नाही.

ऑटो आणि ह्याच्यात फरक एवढाच की ऑटो लाईटचं ऐकतो, मोबाईल स्टार्टर माणसाचं ऐकतो आणि माणसाला उलट उत्तरही देतो. उत्तर आलं की जीव निवांत होतो. आता पाण्याविना मोटर फिरली, फेज गेला की बंद करून मेसेज पाठवणारे स्टार्टरही आलेत. पण माझ्या मते, घेताना फीचर मोजू नका. ह्याने माझी किती झोप वाचते, एवढं विचारा.

मर्यादाही सांगतो. ठिबक असेल, नाहीतर टाकी किंवा शेततळं भरायचं असेल तरच घरून भागतं. पाटपाणी असेल तर दारं धरायला माणूस रात्री जाणारच, तिथं मोबाईलचं काही चालत नाही. त्याचा खरा इलाज दिवसा वीज. 2017 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच. जिथं दिवसाची लाईट पोचली, तिथं रात्रीचा हा प्रश्नच उरत नाही.

तोवर एवढं करू. ज्यांच्याकडे अजून ऑटो आहे त्यांनी टाइमर लावा आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून आपापली वेळ वेगळी ठरवा, दोन-दोन मिनिटांचा फरक पुरे. कपॅसिटर बसवा. आणि रात्री जावंच लागलं तर गमबूट, बॅटरी आणि घरच्यांना सांगून जाणं, ह्यात हयगय नको.

तुमच्या डीपीवर किती ऑटो आहेत? एकदा मोजून बघा.