कथा सांगावी की खेळू द्यावे?

कथा रंगू लागली की खेळणाऱ्याचे हात रिकामे राहतात, ही व्हिडिओ गेमची जुनी अडचण. 'व्हॉल्व्ह' कंपनीच्या 'हाफ-लाइफ'ने १९९८मध्ये त्यावर वेगळा उपाय योजला. कादंबरीकार मार्क लेडलॉ यांचा लेखनात सहभाग असलेल्या या गेममध्ये नायक गॉर्डन फ्रीमन अवाक्षरही काढत नाही आणि नियंत्रण जवळपास सर्व वेळ खेळाडूकडेच असते. आरंभीच्या ट्रॅम प्रवासात करण्याजोगे फारसे नसते. तरी डब्यात फिरता येते आणि खिडकीबाहेरच्या दृश्यांतून ब्लॅक मेसा संशोधन केंद्राची ओळख होते. हिदेओ कोजिमा यांनी २००८च्या 'मेटल गिअर सॉलिड ४'मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. त्यातील प्रदीर्घ दृश्ये बव्हंशी चित्रपटासारखी बसून पाहावी लागतात. कथा भरघोस, पण खेळ खोळंबतो. अर्थात, मोकळीकही फुकट मिळत नाही. 'हाफ-लाइफ'मधील शास्त्रज्ञ महत्त्वाचे काही सांगत असताना खेळाडू खुशाल पाठ फिरवू शकतो.