कातकऱ्याच्या पोराची परीक्षा

माथेरानचा इतिहास सांगणारे लोक १८५० पासून सुरुवात करतात. त्या साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब चौकाहून डोंगर चढून गेले, आणि साहेबलोकांना हवा खायला एक जागा सापडली. १९०७ साली नेरळहून छोटी गाडीही वर आली. पण ठाकर, धनगर आणि कातकरी या रानात आधीपासून होतेच की! खैराचा कात काढणारा तो कातकरी. त्याची बोली ऐकून शहरी माणूस नाक मुरडतो, "अशुद्ध मराठी!" ग्रिअर्सनने १९०५ च्या आपल्या मराठीच्या खंडात तिला स्वतंत्र जागा दिली. शाळेला ते अजून जमायचे आहे.

या डोंगराच्या पायथ्याशी मी काही वर्षे मास्तरकी केली. दिवाळी सरली की कातकरी उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ते पहिल्या पावसाला परततात. परीक्षा मधल्यामध्ये होऊन जाते. असाच परतलेला एक मुलगा मी तोंडी परीक्षेला बसवला. "एका मजुरास शेकडा वस्तूंमागे अमुक मोबदला मिळतो, तर..." मुलगा जमिनीकडे बघत राहिला. मी शून्य मांडले.

पाटी आवरता आवरता सहज विचारले, "काय रे, भट्टीवर विटा किती पाडल्या?"

पोराची कळी खुलली. हजारी दर काय, आईबापांनी आठवड्यात किती हजार पाडल्या, त्यातून उचलीचे किती कापले, हातात काय पडले, सारे घडाघडा! मी पाटीवर पडताळा घेतला. एके ठिकाणी चूक निघाली, ती माझी. गणिताच्या नावाखाली मी पुस्तकी मराठीच तपासत आलो होतो.

हे काही नवे नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि मग कोसबाडला वारली मुलांत काम मांडले, तेव्हा गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. १९५६ च्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली. पण बोलीला मराठीच म्हटले की ही पोरे अल्पसंख्य ठरतात कुठे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, शक्य तेथे मातृभाषा आणि मुलाला काय समजले, ते वापरता येते का याचे मूल्यमापन, ही दोन्ही वचने २९ व्या कलमात शेजारी बसली आहेत.

मी शून्य खोडून पुरे गुण लिहिले. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, "गुरुजी, याची उत्तरपत्रिका कुठे आहे?"

माझ्याजवळ एक पाटी होती. तीही पुसलेली.