हेवीवेट विजेत्यांची कालांतर-तुलना : एक पद्धतिविचार

१

दिनांक २० जानेवारी १९७० रोजी रात्री अमेरिकेतील व अन्य देशांतील शेकडो चित्रपटगृहांतून एका मुष्टियुद्धाचा चित्रपट एकाच वेळी दाखविण्यात आला. त्यात एका बाजूस रॉकी मार्सियानो व दुसऱ्या बाजूस महंमद अली होता. तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीस नॉकआऊट केले, असे प्रेक्षकांनी पाहिले. वस्तुतः अशी लढत कधीच झाली नव्हती. मार्सियानो १९५६ मध्ये अपराजित अवस्थेत निवृत्त झाला होता, आणि अलीचा व्यावसायिक मुष्टियुद्धातील प्रवेश १९६० चा. १९६९ च्या उन्हाळ्यात मायामी येथील एका बंद जागेत या दोघांनी सत्तरएक छोट्या फेऱ्यांचा लुटुपुटीचा सामना कॅमेऱ्यासमोर केला. निरनिराळे शेवटही चित्रित करून ठेवण्यात आले आणि कोणता शेवट जोडावयाचा हे संगणकाच्या हिशेबावरून ठरविण्यात आले. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानोचा विमान-अपघातात अंत झाला होता.

हा प्रकार केवळ करमणुकीचा म्हणून सोडून देता येईल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्यात एक जुनाच प्रश्न नव्या वेषात दिसतो. भिन्न काळांतील दोन कर्तबगार पुरुषांची तुलना करता येते काय, आणि येत असल्यास ती कोणत्या पुराव्यावर करावयाची? सेनापती, राज्यकर्ते वा कवी यांच्याविषयी हाच प्रश्न विचारला जातो, तेव्हा यशाची व्याख्याच वादग्रस्त असते. मुष्टियुद्धात मात्र जय-पराजय डोळ्यांसमोर ठरतो, त्याची तारीख नोंदलेली असते, कित्येकदा त्याचे चलच्चित्रही उपलब्ध असते. जेथे पुरावा इतका स्वच्छ दिसतो तेथे तुलना कितपत साधते हे पाहिल्यास इतर क्षेत्रांविषयीही काही बोध होईल, या हेतूने प्रस्तुत लेखात हेवीवेट विजेत्यांच्या तुलनेचा विचार केला आहे.

२

पहिली अडचण नियमांची. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे जॉन एल. सुलिव्हन व जेक किलरेन यांची लढत झाली, ती उघड्या मुठींची. त्या नियमांनुसार एक जण जमिनीवर पडला की फेरी संपे. अशा ७५ फेऱ्या दोन तासांहून अधिक काळ चालल्या आणि सुलिव्हन विजयी झाला. पुढे तीनच वर्षांनी, ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे, जेम्स कॉर्बेटने त्याच सुलिव्हनचा एकविसाव्या फेरीत पराभव केला. ही लढत क्वीन्सबेरी नियमांनुसार झाली. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नियमांत हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, दहा सेकंदांची मोजणी व धरपकडीस मनाई या गोष्टी होत्या. सुलिव्हनचे वय व त्याची राहणी यांचा वाटा पराभवात होताच. तथापि ज्या खेळात तो श्रेष्ठ ठरला होता तो खेळ या वेळी निराळा झाला होता, हेही विसरून चालणार नाही.

नियमातील लहानसा बदलही निकाल कसा फिरवितो याचे उत्तम उदाहरण जॅक डेम्प्सीचे आहे. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे १८७ पौंडांच्या डेम्प्सीने २४५ पौंडांच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. विलर्ड उठू लागे तेव्हा डेम्प्सी त्याच्या अगदी निकट उभा असे आणि तो सावरण्यापूर्वीच पुढचा ठोसा हाणी. त्या दिवशी त्यास कोणाचीच हरकत नव्हती. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागो येथे त्याच डेम्प्सीने जीन टनीला सातव्या फेरीत खाली पाडले. परंतु आता पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात गेल्याखेरीज मोजणी सुरू करावयाची नाही असे ठरले होते. डेम्प्सी जागेवरच रेंगाळला, मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनीस चौदाएक सेकंदांचा अवधी मिळाला. टनी उठला व दहा फेऱ्यांअखेर गुणांवर जिंकला. टोलेडोचा डेम्प्सी व शिकागोचा डेम्प्सी यांत आठ वर्षांचे अंतर आहे हे खरे. परंतु त्यांच्यामधील अंतर केवळ वयाचे नाही. एकाच पुरुषाच्या बाबतीत जर असे होते, तर तीन पिढ्यांच्या अंतरावरील दोन पुरुषांस एकाच रिंगणात उभे करताना ते रिंगण कोणत्या सालचे, हे प्रथम सांगावयास हवे.

फेऱ्यांच्या संख्येविषयीही तसेच. जॅक जॉन्सनच्या १९१० व १९१५ च्या लढती ४५ फेऱ्यांपर्यंत चालू शकतील अशा ठरलेल्या होत्या. लुईस, मार्सियानो व अली यांच्या काळी विजेतेपदाच्या लढतीची मर्यादा सामान्यतः पंधरा फेऱ्यांची होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये हलक्या वजनगटातील एका लढतीत चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियन मुष्टियोद्धा किम डुक-कू मृत्यू पावला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ही मर्यादा बारावर आली. पंचेचाळीस फेऱ्यांची तयारी ठेवणारा योद्धा पहिल्या दहा फेऱ्यांत संथ दिसतो, तो त्याचा दोष नव्हे. तो त्याचा हिशेब होय.

३

दुसरी अडचण साधनांची. १७ मार्च १८९७ रोजी कार्सन सिटी येथे बॉब फिट्झसिमन्सने कॉर्बेटचा पराभव केला, तो सामना चलच्चित्रात घेतलेला आहे. तेव्हापासून हेवीवेट विजेत्यांचा चित्ररूप पुरावा मिळू लागतो. परंतु तो वाचण्यासही शिकावे लागते. जुनी चित्रे हातांनी फिरविलेल्या यंत्रांवर घेतलेली असत. ती पुढील काळाच्या गतीने दाखविली की माणसे तुरुतुरु धावताना व हात झटकताना दिसतात. त्यावरून जुन्या योद्ध्यांना अडाणी ठरविणे म्हणजे लेखनिकाच्या अक्षरावरून बखरकाराची योग्यता ठरविण्यासारखे आहे.

साक्षीदारांची साक्षही निर्दोष नाही. 'द रिंग' या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक नॅट फ्लायशर याने जॉन्सनला प्रथम व जेफ्रीजला द्वितीय स्थान दिले, मार्सियानोस दहावे, आणि अलीस पहिल्या दहांतही घेतले नाही. त्याच नियतकालिकाने १९९८ मध्ये, फ्लायशरच्या मृत्यूनंतर पाव शतकाने, अलीस सर्वांत वर बसविले. १९५० मध्ये अमेरिकन वृत्तपत्रकारांनी अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा म्हणून डेम्प्सीची निवड केली होती. या याद्यांवरून योद्ध्यांविषयी जितके कळते त्याहून अधिक याद्या करणाऱ्यांच्या तारुण्याविषयी कळते. माणसाने विशीत जे पाहिले असेल ते त्यास पुढे सहसा कमी वाटत नाही.

४

मग आकड्यांचा आधार घ्यावा असे कोणी म्हणेल. आकडे खोटे बोलत नाहीत. परंतु ते अर्धेच बोलतात. मार्सियानोने ४९ लढती केल्या व ४९ जिंकल्या. हा आकडा विलक्षणच आहे. पण १९५१ मध्ये त्याने ज्या जो लुईसला हरविले तो ३७ वर्षांचा होता, आणि पुढील वर्षी ज्या जो वॉलकॉटकडून विजेतेपद घेतले तो ३८ वर्षांचा. स्वतः मार्सियानो बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. उलट अली १९८० मध्ये लॅरी होम्सकडून व १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिककडून हरला, ते पराभव त्याच्या नावावर कायमचे आहेत. अपराजित राहणे यात सामर्थ्याइतकाच योग्य वेळी थांबण्याचा भाग असतो.

लुईसने १९३७ ते १९४९ या काळात विजेतेपद राखले व २५ वेळा त्याचे रक्षण केले. परंतु १९४२ ते १९४५ या अवधीत तो सैन्यात होता व त्यातील बहुतेक काळ विजेतेपदाची एकही लढत झाली नाही. सैन्यात जाण्याच्या सुमारास दोन लढतींचे उत्पन्न त्याने नौदल व भूदलाच्या साहाय्यनिधींस दिले. अलीने १९६७ मध्ये सैन्यभरतीस नकार दिला. त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि ऑक्टोबर १९७० पर्यंत तो लढू शकला नाही. एकाची वर्षे युद्धात जाण्यामुळे गेली, दुसऱ्याची युद्धास नकार देण्यामुळे. आकड्यांच्या कोष्टकात ही दोन्ही रिकामी जागा सारखीच दिसते.

५

येथे आपण मुख्य मुद्द्यापाशी येतो. नोंदवहीत झालेल्या लढती असतात, होऊ न दिलेल्या नसतात. २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे कृष्णवर्णीय योद्धा पीटर जॅक्सन हा कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला व सामना निर्णयाविना थांबवावा लागला. पुढल्याच वर्षी कॉर्बेट विश्वविजेता झाला. सुलिव्हनने मात्र कृष्णवर्णीयाशी लढणार नाही असे जाहीर केले होते, म्हणून जॅक्सनला ती संधी कधीच लाभली नाही. विजेत्यांच्या यादीत कॉर्बेट आहे, जॅक्सन नाही. आणि तुलना करणारे यादीवरूनच आरंभ करतात.

जॅक जॉन्सनने २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून ही भिंत प्रथम फोडली. त्यास पाडण्यासाठी निवृत्त जेफ्रीजला परत आणण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे पंधराव्या फेरीत जेफ्रीजचा पराभव झाला, तेव्हा अनेक शहरांत दंगे उसळले व माणसे मेली. १९१२ मध्ये मुष्टियुद्धाची चित्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी झाली. म्हणजे पुराव्यावरच बंदी आली. विशेष हे की विजेता झाल्यावर खुद्द जॉन्सननेही सॅम लँगफर्डला विजेतेपदाची लढत दिली नाही. १९१५ मध्ये हवाना येथे जॉन्सन हरल्यानंतर १९३७ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, एकाही कृष्णवर्णीयास हेवीवेट विजेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षे प्रमुख आव्हानवीर मानला जात असता डेम्प्सीशी त्याची गाठ पडलीच नाही.

यास्तव डेम्प्सीची तुलना लुईसशी करताना केवळ त्यांच्या मुठी तोलून भागत नाही. लुईसने आपल्या काळातील सर्वांस आव्हानाची वाट मोकळी ठेवली. डेम्प्सीच्या काळी ती अर्ध्या वाटेवरच बंद होती. हा दोष एकट्या डेम्प्सीचा नव्हे. पण त्याच्या विजेतेपदाचा अर्थ मात्र त्यामुळे आकुंचित होतो, हे नाकारता येणार नाही.

६

आता पुन्हा त्या संगणकाकडे वळू. १९६७ मध्ये त्याच योजकांनी सोळा विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा आकाशवाणीवरून ऐकविली होती. तीत अली जेफ्रीजकडून हरला, आणि अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीस हरविले. अलीने बदनामीचा दावा लावला, त्याच्या तडजोडीतून १९७० चा चित्रपट निघाला. हा संगणक अलाबामात बनला असावा, असा टोमणा अलीने मारल्याचे सांगतात. टोमण्यात तथ्य होते. यंत्रास वर्णद्वेष ठाऊक नसतो. परंतु यंत्रात जे गुण भरले गेले ते जाणकारांच्या मतांतून आले होते, आणि ती मते वर सांगितलेल्या याद्यांहून निराळी नव्हती. ज्या वेळी खरा अली रिंगणाबाहेर ठेवलेला होता, त्याच वेळी कागदावरील अली पुनःपुन्हा हरत होता.

शरीराच्या वाढत्या आकारमानाचा युक्तिवादही असाच सावधपणे घ्यावयास हवा. टायसन फ्युरी सुमारे २ मीटर ६ सेंटिमीटर उंच. त्याच्यासमोर १६७ पौंडांचा फिट्झसिमन्स काय टिकणार, असे सहज म्हटले जाते. परंतु १८ मे २०२४ रोजी रियाध येथे त्याच फ्युरीस त्याहून बुटक्या, वजनाने हलक्या व खालच्या वजनगटातून वर आलेल्या ओलेक्सांडर उसिकने हरविले. आकारमान हे कारणांपैकी एक कारण आहे, निर्णय नव्हे.

तात्पर्य, 'कोण जिंकला असता' हा प्रश्न इतिहासाचा नव्हे. त्याचे उत्तर तपासून पाहण्याची सोय नाही. इतिहासाचा प्रश्न असा : आपल्या काळच्या नियमांत, आपल्या काळी उपलब्ध असलेल्या प्रतिस्पर्ध्यांत, हा पुरुष कोठे उभा होता, आणि ज्यांस त्याच्यासमोर उभे राहू दिले नाही ते कोण होते? या दोन प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी मांडली म्हणजे तुलना शक्य होते. त्या कसोटीवर लुईस व अली यांचे स्थान वरचे ठरते. कारण ज्यांच्याशी लढावयास हवे होते त्यांपैकी बहुतेकांशी ते लढले. ही कसोटी लावली म्हणजे पीटर जॅक्सन, लँगफर्ड व विल्स यांची नावे विजेत्यांच्या यादीत येत नाहीत, पण विजेत्यांच्या इतिहासातून ती वगळताही येत नाहीत. कोणत्याही क्षेत्रातील श्रेष्ठांची यादी हाती आली असता, ती कोणत्या दारातून आत आलेल्यांची आहे हे विचारण्याची सवय अभ्यासकास लागली, तर या एरवी रिकामपणाच्या वाटणाऱ्या वादातून पुष्कळ लाभ झाला असे म्हणावयास हरकत नाही.