पुसण्यासाठी काढलेली रेघ : रजईवरील आखणीचा इतिहास

दोन कापडांमध्ये कापूस, लोकर किंवा जुनेर घालून तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधण्याची पद्धत जगाच्या अनेक भागांत आढळते. परंतु त्या टाक्यांना आधी आखलेल्या रेघेची गरज असतेच असे नाही. महाराष्ट्रातील गोधडीत धावदोरा बहुधा कडेपासून सुरू होतो आणि प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीच्या आधाराने, डोळ्याच्या अंदाजावर पुढे सरकते, त्यामुळे तेथे खडू किंवा पेन्सिल यांचे काम पडत नाही. याउलट एकाच रंगाच्या अखंड कापडाची रजई असेल आणि पिसे, दोरखंडाचे पीळ, गुलाब, वेली ही सारी नक्षी केवळ टाक्यांच्या उठावातून दाखवायची असेल, तर अंदाज अपुरा पडतो. अशा रजईवर काढलेल्या रेघेकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : टाका पडेपर्यंत ती स्पष्ट दिसली पाहिजे आणि टाका पडल्यावर तिचा मागमूस उरता कामा नये. आखणीची बहुतेक साधने या पेचातून जन्मली आहेत. कोणी आखायचे आणि कोणी शिवायचे, ही कामाची वाटणीही पुष्कळ अंशी त्यातूनच ठरली आहे.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीत तयार झालेली आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेली ट्रिस्टन रजई हे या कलेचे सर्वात प्रसिद्ध प्राचीन उदाहरण होय. तीवर ट्रिस्टन या मध्ययुगीन कथानायकाच्या कथेतील प्रसंग माणसे, घोडे, जहाजे आणि अक्षरे यांसह टाक्यांनी उठवलेले आहेत, आणि इतकी गुंतागुंतीची रचना आधी कापडावर रेखाटल्याखेरीज साधणे अशक्यच होते. त्या काळी हे रेखाटन चित्रकाराचे काम समजले जाई. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने 1400 च्या सुमारास लिहिलेल्या चित्रकलेच्या पुस्तिकेत भरतकाम करणाऱ्यांसाठी ताणलेल्या कापडावर आधी कोळशाने आणि मग टाक-शाईने चित्र कसे काढावे, याची कृती दिली आहे. शाईची ही रेघ पुसण्यासाठी नसून टाक्यांखाली झाकली जाण्यासाठी होती. भरतकामात दोरा पृष्ठभाग भरून काढतो, त्यामुळे तेथे हे चालते. रजईच्या विरळ टाक्यांखाली मात्र शाई झाकली जात नाही, आणि म्हणून रजईकारांना वेगळे उपाय शोधावे लागले.

त्यांपैकी सर्वात दीर्घायुषी उपाय छिद्रे आणि पूड यांचा. कागदावर नक्षी काढायची, तिच्या रेघांवर सुईने जवळजवळ छिद्रे पाडायची, तो कागद कापडावर ठेवून पुडीने भरलेली पुरचुंडी त्यावर घासायची, म्हणजे छिद्रांतून खाली उतरलेल्या ठिपक्यांची नक्षी कापडावर उमटते. फिक्या कापडासाठी कोळशाची पूड आणि गडद कापडासाठी खडूची पूड वापरली जाई. सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इटलीत आलेसांद्रो पागानिनो याने छापलेल्या भरतकामाच्या नमुनापुस्तकात एक लाकूडठशाचे चित्र आहे. त्यातील स्त्रिया नक्षी कापडावर उतरवण्याच्या निरनिराळ्या पद्धती दाखवतात. कोणी खिडकीच्या उजेडावर धरून गिरवते आहे, कोणी चौकटीखाली दिवा ठेवून, तर कोणी पुरचुंडीने पूड घासते आहे. मुंबईतील जरीकामाच्या कारखान्यांत आजही हीच पद्धत ‘खाका’ या नावाने चालते, फक्त पूड रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने फिरवली जाते, म्हणजे रॉकेल उडून जाते आणि पूड कापडाला धरून राहते. पाच शतकांत या तंत्रात मूलतः फारसा बदल झाला नाही, ही गोष्ट तंत्राच्या मागासलेपणापेक्षा त्याच्या पुरेपणाची निदर्शक मानावी लागते.

इंग्लंडच्या उत्तर भागात आणि वेल्समध्ये याहूनही साधी रीत होती. पुठ्ठ्याचे, पत्र्याचे किंवा लाकडाचे साचे कापडावर ठेवून त्यांच्या कडेने बोथट, जाड सुई दाबत नेली की कापडावर सुरकुतीसारखी बारीक घडी उमटते. चौकटीवर ताणलेल्या रजईचा जेवढा भाग समोर असेल तेवढाच आखायचा, तो शिवून होताच गुंडाळायचा आणि पुढचा आखायचा, असा क्रम असल्याने ही क्षणभंगुर खूण पुरेशी ठरे, आणि पुसण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. वेल्समधील स्त्रिया सुईऐवजी पुष्कळदा शिंप्याचा खडू वापरीत. या कामाला पुढे सरकारी आश्रयही मिळाला : 1928 मध्ये रूरल इंडस्ट्रीज ब्यूरो या संस्थेने मंदीने गांजलेल्या खाणभागांतील स्त्रियांकडून रजया करवून विकण्याची योजना सुरू केली आणि लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलच्या नव्या भागासाठीही त्यांच्याकडून रजया घेतल्या गेल्या.

याच उत्तर इंग्लंडमध्ये आखणी हा स्वतंत्र व्यवसायही झाला. नॉर्दम्बरलंडमधील ॲलनहेड्स या शिशाच्या खाणींच्या गावाजवळ जॉर्ज गार्डिनर नावाचा दुकानदार बायकांच्या टोप्या सजवून देई आणि रजईच्या वरच्या कापडावर नक्षीही काढून देई. त्याच्या हाताखाली शिकलेल्या एलिझाबेथ सँडरसन (जन्म 1861) हिने हे काम आयुष्यभर केले आणि इतर मुलींनाही शिकवले. या आखणाऱ्यांना तेथे छापणारे म्हणत असले तरी ते ठसे वापरीत नसत. मोठ्या फळीवर कापड पसरून, मोजक्या साच्यांच्या आधाराने आणि पुष्कळसे मुक्तहस्ताने ते निळ्या पेन्सिलीने संपूर्ण रजई आखत. गिऱ्हाईक आपले कापड पाठवी, आखलेले परत घेई आणि घरी बसून शिवी. म्हणजे चित्रकलेचे कसब नसलेल्या घरातही उत्तम नक्षीची रजई होऊ शकली. त्याचबरोबर नक्षीचा कल मात्र शिवणाऱ्या शेकडो हातांऐवजी आखणाऱ्या चार हातांवर अवलंबून राहू लागला, आणि ॲलनहेड्सची म्हणून ओळखू येणारी शैली त्यातूनच तयार झाली. निळी पेन्सिल धुतल्यावर जाई, पण नेहमीच पूर्ण जात नसे. आखून घेतलेली आणि कधीच न शिवली गेलेली काही कापडे संग्रहालयांत टिकून आहेत, आणि या व्यवसायाविषयी अभ्यासकांना जे निश्चित सांगता येते त्यात अशा अपुऱ्या राहिलेल्या कामाचा वाटा मोठा आहे. ज्या रजया नीट पूर्ण होऊन धुतल्या गेल्या, त्यांनी आपल्या आखणीचा पुरावा स्वतःच नाहीसा केला.

शिवणयंत्र घरोघरी पोहोचल्यावर हे चित्र लगेच पालटले नाही. यंत्रावर मुक्तपणे सुई फिरवण्याची कल्पना नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंगर कंपनीच्या पुस्तकांतून यंत्राचा पाय काढून, कापड वर्तुळाकार चौकटीत ताणून हाताने फिरवत भरतकाम करण्याचे धडे दिले जात. रजईच्या बाबतीत याच तंत्राला मुक्तचलन क्विल्टिंग म्हणतात : कापड पुढे सरकवणारे दाते खाली पाडले किंवा झाकले जातात, आणि टाक्याची दिशा व लांबी दोन्ही शिवणाऱ्याच्या हातांच्या गतीवर ठरतात. मात्र हाताच्या कामालाच खरी कारागिरी मानण्याचा आग्रह अमेरिकेत दीर्घकाळ टिकला. नेब्रास्कातील शेतकरी अर्नेस्ट हाइट यांनी 1974 मध्ये घरगुती यंत्रावर रजई शिवण्याची पुस्तिका प्रसिद्ध केली, तरी 1989 मध्ये केंटकीतील पडूका येथील अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या रजईला सर्वोच्च पारितोषिक मिळाले तेव्हा वाद झालाच.

यंत्रामुळे आखणीपुढे जे प्रश्न उभे राहिले ते चौकटीवर हाताने शिवणाऱ्या स्त्रीला कधी पडले नव्हते. घरगुती यंत्रात सुई आणि उभा खांब यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा असते. तेवढ्या जागेतून आख्खी रजई गुंडाळून, दाबून, वळवून न्यावी लागते, आणि या घासाघाशीत खडू झडतो व सुईची घडी मोडते. थर एकत्र टाचण्याआधीच सगळी नक्षी आखणे सोयीचे असल्याने रेघेला कित्येक दिवस टिकावे लागते. शिवाय प्रत्येक वेळी दोरा तोडून गाठ लपवणे कष्टाचे असल्याने नक्षी शक्य तितकी एकाच अखंड रेघेत बसवावी लागते. आखणाऱ्याला आता आकाराबरोबर मार्गही ठरवावा लागतो, कोठून शिरायचे, कोठे उलट फिरायचे आणि कोणत्या रेघेवरून दुसऱ्यांदा जायचे हे आधीच मांडावे लागते. हा बदल शाईच्या कोणत्याही शोधापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण जुने पिसांचे आणि पिळांचे नमुने त्यासाठी नव्याने जुळवावे लागले.

पुसता येणाऱ्या नव्या शाईंनीही आपापल्या अडचणी आणल्या. पाण्याने जाणारी निळी शाई थंड पाण्यात विरघळते, परंतु ती निघण्यापूर्वी इस्त्री फिरली तर डाग कायमचा बसू शकतो. हवेने उडणारी जांभळी शाई काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, आणि दमट हवेत त्याहूनही लवकर नाहीशी होते, त्यामुळे मोठ्या कामाला ती निरुपयोगी ठरते. पायलट कंपनीची 2006 मध्ये युरोपात आलेली फ्रिक्शन लेखणी कागदासाठी बनवलेली होती. तिची शाई सुमारे 60 अंश सेल्सियसला रंगहीन होते, म्हणून इस्त्रीने रेघ पुसण्याचा मोह अनेकांना झाला, परंतु शाई कापडातच राहत असल्याने कडक थंडीत ती पुन्हा उमटते, आणि काही गडद कापडांवर पांढुरकी छटा मागे ठेवते.

या अडचणींमुळे अनेकांनी कापडावर रेघ काढणेच टाळले. पातळ कागदावर नक्षी काढून तो रजईवर टाचायचा, कागदासकट शिवायचे आणि मग कागद फाडून काढायचा, ही पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. एकाच नक्षीच्या अनेक प्रती हव्या असतील तर कागदांची चळत यंत्राखाली ठेवून दोरा न ओवलेली सुई रेघेवरून चालवली जाते, आणि असा छिद्रित कागद पुडीसाठीही उपयोगी पडतो. तयार साच्यांवरून घासायच्या खडूच्या गाद्याही बाजारात मिळतात. काही जणींनी आखणी जवळजवळ सोडूनच दिली असून, स्वतःलाच न छेदणारी नागमोडी रेघ डोळ्याच्या अंदाजाने भरत नेण्याची पद्धत पत्करली आहे. त्यांना फार तर नक्षीची सीमा तेवढी आखावी लागते. व्यावसायिक लांब हाताच्या यंत्रांवर तर नक्षीचा कागद यंत्रामागच्या मेजावर पसरतात आणि यंत्राला जोडलेला प्रकाशबिंदू त्या कागदावरील रेघेवरून फिरवतात, त्यामुळे कापडाला खूण लागतच नाही. ही सोय घरगुती यंत्रावर नाही. तेथे आधी उरलेल्या तुकड्यावर रेघ काढून, ती धुऊन आणि इस्त्री करून पाहिल्याशिवाय कोणतीही लेखणी मूळ कापडाला लावली जात नाही.