पालकांचा शैक्षणिक सहभाग

पालकांचा शैक्षणिक सहभाग म्हणजे पाल्याचा अभ्यास, त्याची शाळेतील उपस्थिती व शाळेचा कारभार यांत पालकांनी घेतलेला वाटा होय. अभ्यासाची जबाबदारी पाल्याला स्वतः पेलता यावी, हा त्यामागील प्रमुख हेतू असतो.

कायदेशीर आधार

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना पाल्याची उपस्थिती व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ अन्वये विनाअनुदानित शाळा वगळता अन्य शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तर एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात.

गृहपाठ व पालक

केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये; तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला दोन तास, तर सहावी ते आठवीसाठी रोज एक तास ही कमाल मर्यादा आहे. पालकाने उत्तरे लिहून दिल्यास वही पूर्ण होते, परंतु मुलाचे नेमके कोठे अडते हे शिक्षकास कळत नाही. म्हणून अभ्यासाची वेळ ठरवून देणे, दैनंदिनी पाहून स्वाक्षरी करणे आणि झालेला धडा मुलाकडून ऐकणे ही पालकाची कामे मानली जातात. धडा ऐकण्यासाठी पालक साक्षर असावाच लागतो असे नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील स्थिती

जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी वसलेल्या कोल्हारचा परिसर ऊस व सहकारी साखर कारखानदारीचा आहे, तर पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. गळीत हंगाम शालेय वर्षाच्या मध्यावरच येतो. मुले सोबत गेल्यास शाळा तुटते. गावी राहिल्यास आईवडिलांची देखरेख तुटते. अशा मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहे चालवली जातात. अनेक मुले आजी-आजोबांकडे राहतात. मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या व्यक्तीस अधिनियम पालक मानतो. त्यामुळे शिक्षक-पालक सभेत आजी-आजोबांनाही आईवडिलांच्या बरोबरीने स्थान मिळते.