सुपरहिरो बोलायला बसतात तेव्हा

सुपरहिरो म्हटलं की डोळ्यांपुढे मारामारी येते. कोसळणाऱ्या इमारती, हवेत उडणाऱ्या गाड्या आणि शेवटी खलनायकाचा पराभव. पण सुपरहिरोंचा एक खेळ असाही आहे, ज्यात कुणी कुणाला बोट लावत नाही. काही माणसं एका सभागृहात जमतात. प्रत्येकाच्या हाती एक कागद असतो. त्यावर त्याच्या पात्राचं जगाला माहीत असलेलं नाव, खरं नाव, अंगची शक्ती, एखादं गुपित आणि त्या संध्याकाळी काय साधायचं आहे ते लिहिलेलं असतं. मग तीन-चार तास ही माणसं त्या पात्राच्या नावाने वावरतात, वाद घालतात, शब्द देतात, कधी तो फिरवतात. या प्रकाराला लाइव्ह अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग किंवा थोडक्यात 'लार्प' म्हणतात. यात पाठ केलेले संवाद नसतात आणि प्रेक्षकही नसतो. आपल्याकडे बहुरूपी पोलीस बनून दारात येतो, तेव्हा बघणारे आपण असतो. इथे सगळेच बहुरूपी.

कुणाला हा पोरखेळ वाटेल. पण त्याची मुळं लष्करी टेबलावर आहेत. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात रायस्वित्झ या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील' म्हणजे युद्धखेळ सादर केला. नकाशावर सैन्याचे ठोकळे, फाशांवर ठरणारी जीवितहानी आणि निवाडा करायला एक पंच. अधिकाऱ्यांना लढाईआधी लढाई शिकवणं हा हेतू. बळ मोजता येतं आणि ज्याचं गणित पक्कं तो जिंकतो, असा या खेळाचा पाया होता. पुढे 1876 मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवून पंचाच्या अनुभवावर विसंबणारा मोकळा प्रकार मांडला. गणितात पडलेली ही पहिली फट.

त्या फटीतून माणसं आत शिरली ती 1969 मध्ये, अमेरिकेतल्या मिनिसोटा राज्यात. डेव्हिड वेस्ली नावाच्या युद्धखेळांच्या शौकिनाने नेपोलियनच्या काळातलं 'ब्राउनश्टाइन' हे काल्पनिक जर्मन गाव रचलं. नेहमीप्रमाणे दोन सेनापती होतेच, पण उरलेल्या मित्रांना त्याने गावातल्या भूमिका दिल्या. कुणी महापौर, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलपती. एकेकाने येऊन आपली चाल सांगावी, असा त्याचा बेत होता. झालं भलतंच. वाट पाहणारे खेळाडू आपसातच बोलू लागले, कट रचू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं आणि त्यासाठी नियमच नव्हते! खेळ पार फसला असं वेस्लीला वाटलं. मित्र मात्र पुन्हा खेळायचं म्हणून मागे लागले.

या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसनने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 मध्ये बाजारात आणला. थोड्याच वर्षांत या छंदात सुपरहिरो आले. 1977 मध्ये 'सुपरहिरो 2044', 1979 मध्ये 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज' आणि 1981 मध्ये 'चॅम्पियन्स'. 'चॅम्पियन्स'मधली एक युक्ती मला फार आवडते. त्यात शक्ती गुणांनी विकत घ्यायच्या, आणि जास्तीचे गुण हवे असतील तर आपल्या पात्राला उणिवा घ्यायच्या. लपवावी लागणारी खरी ओळख किंवा आपल्यावर अवलंबून असलेलं माणूस, यालाही गुण मिळतात. ज्याची आई घरी वाट पाहतेय तो वीर खेळायला अधिक रंगतदार, हे त्या नियमांनी ओळखलं होतं.

टेबल सोडून खेळाडू उभे राहिले तेव्हा दोन वाटा फुटल्या. इंग्लंडमध्ये 1982 साली पेकफर्टनच्या किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' सुरू झाला, तिथे नकली तलवारींची लढाई होती. अमेरिकेत साधारण त्याच काळात हार्वर्ड विद्यापीठाभोवतीच्या तरुणांनी संवादावर चालणारे खेळ रचले. गुपितं, वाटाघाटी, युती हीच त्यांतली हत्यारं. 1993 मध्ये रक्तपिपासू व्हँपायरांवरचा 'द मास्करेड' आला आणि त्याने झगडे चक्क दगड-कागद-कात्रीवर सोडवले. मारामारी दोन सेकंदांत संपते, बोलणं मात्र रात्रभर चालतं. सुपरहिरोंचा संवादी लार्प याच दुसऱ्या वाटेवरचा आहे. डोंगर उचलण्याची शक्ती कागदावर एका ओळीत मावते. समोरच्याला आपलं म्हणणं पटवायला मात्र ती कामाला येत नाही.

आणि सुपरहिरोकडे बोलण्यासारखं पुष्कळ असतं, कारण त्याला दोन नावं असतात. 1938 मध्ये वाचकांसमोर आलेला सुपरमॅन घडवणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले तरुण होते. त्यांचा नायक परक्या ग्रहावरचा निर्वासित. दिवसा तो चष्मा लावून क्लार्क केंट या अस्सल अमेरिकी नावाने नोकरी करतो. घरात एक आणि बाहेर दुसरं नाव वापरण्याची कसरत अल्पसंख्याकांना समजावून सांगावी लागत नाही. 2006 मध्ये मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर' या कॉमिक्समालिकेत सरकार कायदा करतं की प्रत्येक सुपरहिरोने आपली खरी ओळख नोंदवलीच पाहिजे. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. कॉमिक्समध्ये यावर लढाई जुंपते. समजा, हाच प्रश्न एखाद्या लार्पमध्ये मांडला. 'लपवायचं नसेल तर नाव द्यायला काय हरकत आहे?' असं एकजण विचारतो. 'नाव दिल्यावर माझ्या मुलांचं काय होईल?' असं दुसरी विचारते. आता मुठी उपयोगाच्या नाहीत. नोंदणी आणि कागदपत्रं या शब्दांचं वजन आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

2014 मध्ये स्वतःची मालिका मिळालेली कमला खान ही 'मिस मार्व्हल' इथे आठवते. जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी वंशाची मुस्लिम मुलगी. संपादिका सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन यांनी तिला घडवलं. कमलाला रूप बदलण्याची शक्ती मिळते, तेव्हा ती सर्वांत आधी काय करते? सोनेरी केसांची, गोरी, तिची आवडती नायिका बनते. हळूहळू तिला उमगतं की हे रूप तिचं नाही. मग ती बुर्किनीपासून स्वतःचा पोशाख बनवते आणि आपल्याच चेहऱ्याने लढते. उसनं रूप घालून पाहिल्यावर स्वतःचा चेहरा सापडला, ही त्या कथेतली खरी जादू. 2015 मध्ये या पुस्तकाच्या पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसवर लागलेल्या इस्लामद्वेषी जाहिरातींवर कुणीतरी कमलाची चित्रं चिकटवली. कागदावरची मुलगी रस्त्यावर येऊन उत्तर देत होती.

बी.एड.ला आम्ही शाफ्टेल दांपत्याचं भूमिकापालन प्रतिमान शिकलो. त्यात प्रसंग वठवण्याइतकंच महत्त्व नंतरच्या चर्चेला आहे. लार्प खेळणाऱ्यांतही खेळ संपल्यावर भूमिका उतरवून मोकळेपणाने बोलण्याची पद्धत आहे. वर्गात प्रसंग करायला घेतला की मुलांना नायकच व्हायचं असतं, आणि खलनायक कोण होणार हे पुष्कळदा नावावरून आणि कपड्यांवरून ठरतं. सिनेमे पाहून मुलं हे शिकलेली असतात. म्हणून मी भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटते. ज्याला खलनायक मिळेल त्यालाही त्याचं घर, त्याचं गुपित आणि त्याची बाजू लिहून देते.

शेवटी 'कोण जिंकलं?' असं मी विचारत नाही. 'कुणाचं ऐकून तुझं मत बदललं?' असं विचारते. पहिल्या वेळी वर्ग गप्प बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी एखादा हात वर जातो. नकाशावरच्या ठोकळ्यांपासून इथवर यायला या खेळाला दीडशे वर्षं लागली. वर्गाला आपण निदान दोन-तीन तास तरी द्यायला हवेत.